सहलीचा खर्च तिकीटखिडकीवर ठरत नाही : साखऱ्याहून निघालेल्या एका दिवसाचा इतिहास

१/
साखरा हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले गाव. तिथले एक कुटुंब कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. शहात्तर वर्षांची आजी, आईवडील आणि अकरा, आठ व चार वर्षांची तीन मुले. सोयाबीन घरात आले आहे, हळद काढायला अजून अवकाश आहे, शाळेला दिवाळीची सुट्टी लागली आहे. मुलांनी हट्ट धरला आहे, एक दिवस कुठेतरी जाऊ या. सकाळी निघून रात्री घरी पोचायचे, अशा बेताने हे सहा जण कुठे जाऊ शकतात आणि त्याला किती पैसे पडतात? प्रश्न घरगुती आहे. त्याच्या उत्तरात मात्र देवगिरीच्या यादवांपासून एसटीच्या सवलतींपर्यंतचा इतिहास येतो. हा धागा त्या उत्तराचा.

२/
सहल स्वस्त की महाग, हे सहसा तिकीटखिडकीवरच्या फलकावरून ठरवले जाते. ही मोजणी अपुरी आहे. सामान्य कुटुंबाच्या सहलीला चार गोष्टी लागतात : मोकळा दिवस, जाण्यायेण्याचे साधन, आत शिरण्याचा हक्क, आणि पोचल्यावर पाणी, सावली, शौचालय व टेकायला जागा. यांतली एक जरी नसली तरी फुकटची जागाही महाग पडते. इतिहासात ज्या ज्या काळी साध्या माणसांना सहल परवडली, त्या त्या काळी या चारांपैकी बहुतेक गोष्टींचे पैसे दुसऱ्या कोणीतरी आधीच भरून ठेवले होते. कधी राजाने, कधी देवस्थानाने, कधी नगरपालिकेने, कधी सरकारने. आज ते कोण भरते, हा या विषयातला खरा प्रश्न आहे.

३/
पहिली गोष्ट, मोकळा दिवस. रविवारची सुट्टी आकाशातून पडलेली नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत मजुरांना आठवड्याची निश्चित सुट्टी नव्हती. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा भरवून, अर्ज करून ही मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच सुट्टीचा असावा, असे लोखंड्यांनी मांडल्याचे सांगितले जाते. कामगाराची सुट्टी आणि देवाचा वार एकत्र आले ते असे. सहलीच्या इतिहासाचे पहिले पान बागेत लिहिले गेलेले नाही. ते गिरणीच्या फाटकासमोरच्या सभेत लिहिले गेले.

४/
साखऱ्याच्या कुटुंबाला मात्र तो रविवार मिळालेला नाही. शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या आठवड्याला सुट्टीचा वार नसतो. तिथे सुट्टी ऋतू देतो. पेरणी आणि खुरपणी यांच्यामधली उसंत, पोळ्याचा दिवस, सुगीनंतरचे पंधरा दिवस, जत्रेचा दिवस. मजुराचे काम बुडाले की रोज बुडतो, म्हणून त्याच्या सहलीच्या हिशेबात पहिली रक्कम एका दिवसाच्या मजुरीची असते आणि घरातली दोघे मजुरीला जात असतील तर दोन मजुऱ्यांची. ही रक्कम कोणत्याही फलकावर लिहिलेली नसते. ग्रामीण भागातली सहल सणाला आणि जत्रेला का चिकटून राहिली, याचे कारण केवळ भाविकतेत शोधू नये. ज्या दिवशी सगळे गावच काम थांबवते, त्या दिवशी मजुरी बुडाल्याची रुखरुख नसते.

५/
म्हणून या कुटुंबाच्या पणजोबांची सहल कुठे जात होती, हे सहज सांगता येते : औंढा नागनाथ. महाशिवरात्रीची यात्रा. बैलगाडी जुंपायची, शिदोरी बांधायची, दर्शन घ्यायचे आणि उरलेला दिवस जत्रेत काढायचा. पाळणे, खेळणी, बांगड्यांची दुकाने, रेवड्या, फुटाणे, गोडी शेव, पुढच्या काळात तंबूतला सिनेमा. देव हे कारण होते आणि करमणूक हा हेतू, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दोन्ही एकाच दिवसात मावत होते, आणि वेगळे करण्याची गरज कोणालाच वाटत नव्हती. हिंगोलीचा दसराही असाच. रामलीला मैदानावरची गर्दी, प्रदर्शन, पाळणे आणि रावणदहन. त्या गर्दीला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगितली जाते.

६/
औंढ्याचे मंदिर इतिहासाच्या विद्यार्थ्याने एकदा पूर्ण प्रदक्षिणा घालून पाहावे असे आहे. खालचा भाग यादवकालीन, काळ्या पाषाणाचा, शिल्पांनी भरलेला. वरचा भाग उत्तरकालीन, चुन्याच्या गिलाव्याचा. एकाच इमारतीत दोन काळ एकावर एक उभे आहेत आणि त्यांच्यातली रेघ उघड्या डोळ्यांना दिसते. ज्योतिर्लिंग मात्र जमिनीखालच्या गाभाऱ्यात, अरुंद वाटेने वाकून उतरावे लागते तिथे. आठ वर्षांच्या मुलाला याहून रोमांचक काय हवे? भिंतीवर हत्तींच्या रांगा आहेत, देवता आहेत, योद्धे आहेत. दर्शनाला तिकीट नाही. अभ्यासकांच्या ग्रंथांत ज्या शिल्पांची चर्चा होते, ती शिल्पे साखऱ्याच्या मुलांना फुकट पाहता येतात.

७/
पण फुकट म्हणजे बिनखर्चाचे नव्हे. दगड कोणीतरी घडवला, कुंड कोणीतरी खोदले, ओवऱ्या कोणीतरी बांधल्या. यादवकाळातल्या मराठवाड्यात मंदिराशेजारी बारव असणे ही रीतच होती. शेजारच्या जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची मंदिरे आणि बारव आजही त्याची साक्ष देतात. बारवेच्या पायऱ्या हा नुसता पाण्याकडे जाणारा रस्ता नसतो. त्या उन्हाळ्यातल्या सावलीच्या, थंडाव्याच्या बैठका असतात. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभारली, ती याच समजुतीने. यात्रेकरूला पाणी, छप्पर आणि एक वेळचे जेवण मिळाले तरच तीर्थ गरिबाचे होते. औंढ्याच्या जीर्णोद्धाराचे श्रेयही परंपरा अहिल्याबाईंनाच देते.

८/
दुसरे ठिकाण याहून जवळचे : नर्सी नामदेव. कयाधू नदीच्या काठी, हिंगोली तालुक्यात. संत नामदेवांचे हे जन्मगाव मानले जाते. जन्म १२७०, समाधी १३५०. इथल्या शिंप्याच्या घरातला मुलगा पंढरपूरचा झाला, पुढे थेट पंजाबात पोचला, आणि त्याची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात गेली. पंजाबातल्या घुमान या गावी त्यांच्या नावाने मोठे तीर्थ आहे, आणि २०१५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरले होते. म्हणून नर्सीला वारकरीही येतात आणि शीख भाविकही. हिंगोलीसारख्या जिल्ह्यातल्या मुलाला भारत केवढा आहे, हे नकाशावाचून समजावून सांगायचे असेल, तर या गावातला एक तास पुरेल.

९/
नर्सीचा मोठा दिवस आषाढ वद्य एकादशीचा. त्याला परतवारी म्हणतात. पंढरपूरची आषाढी आटोपून परत फिरलेले वारकरी इथे येऊन वारी पुरी करतात, आणि त्यांच्या जोडीने भोवतालच्या तालुक्यांतली कुटुंबे लोटतात. यातली व्यवस्था लक्षात घेण्याजोगी आहे. पंढरपूरला जाऊन येणे म्हणजे कितीतरी दिवस घराबाहेर. ज्यांचे गुरेढोरे, पेरणी, म्हातारी माणसे घरी आहेत, त्यांना ते जमत नाही. परतवारी त्यांना तोच सोहळा एका दिवसात आणि घरापासून जवळ देते. फराळ आणि चहापाणी दानशूर मंडळी वाटतात, एसटी जादा गाड्या सोडते. वर सांगितलेल्या चारही गोष्टी त्या एका दिवशी जमून येतात : गावाची सुट्टी, गाडी, प्रवेश आणि पाणी-सावली. परवडणारी सहल म्हणजे काय, याचा नमुना बाहेर शोधायला नको. तो आषाढात सेनगाव-हिंगोली रस्त्याच्या कडेला दिसतो.

१०/
जत्रेचे गोडवे इथेच थांबवले तर तो इतिहास अर्धवट राहील. नामदेवांचीच एक आख्यायिका औंढ्याला सांगतात. ते मंदिरासमोर कीर्तन करीत असता त्यांना तिथून उठवून मागच्या बाजूला धाडले, आणि देवाने देऊळच फिरवून त्यांच्याकडे तोंड केले. कथा चमत्काराची आहे, पण तिच्यातला पहिला प्रसंग चमत्कार नाही. कोणी पुढे बसायचे आणि कोणी मागे, हे जातीवरून ठरत होते. नामदेवांचे समकालीन चोखोबा तर पंढरपूरच्या महाद्वाराबाहेरच राहिले. देवळाला तिकीट नव्हते, आणि तरीही कित्येकांना प्रवेश नव्हता. पाण्याचे तेच. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जे घडले, ते पाणी पिण्याच्या साध्या हक्कासाठी घडले. आत शिरण्याचा हक्क ही सहलीची तिसरी गरज आहे, आणि ती पैशाने कधीच पुरी होत नव्हती.

११/
सार्वजनिक उद्यान या कल्पनेचे मोल इथे कळते. उद्यान देव विचारत नाही, जात विचारत नाही, वेळ सांगते आणि दार उघडते. ही कल्पनाही एकदम पूर्ण झालेली नाही. इंग्लंडमधल्या डर्बीची बाग १८४० मध्ये लोकांसाठी खुली झाली, पण आठवड्यातले दोनच दिवस फुकट, बाकीचे दिवस पैसे. १८४७ मध्ये बर्कनहेडला सार्वजनिक पैशातून उभारलेली बाग सर्वांना विनामूल्य खुली झाली. मुंबईत भायखळ्याचे व्हिक्टोरिया गार्डन १८६२ मध्ये उघडले. लोकांनी त्याला राणीचा बाग केले, आणि आज ते वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. गिरणगावाच्या अगदी लगतचा हा बाग कामगार कुटुंबांच्या रविवारचा हक्काचा पत्ता झाला. लोखंड्यांच्या सुट्टीला जागा मिळाली ती अशी.

१२/
राणीच्या बागेचे तिकीट हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. वर्षानुवर्षे ते मोठ्यांना ५ रुपये आणि मुलांना २ रुपये होते. पेंग्विन आल्यानंतर, ऑगस्ट २०१७ पासून, ते मोठ्यांना ५० आणि मुलांना २५ झाले. सोबत एक कुटुंब-तिकीटही आले : आईवडील आणि दोन मुले मिळून १०० रुपये. साखऱ्याचे कुटुंब या दराने तिथे गेले तर चौघांच्या १०० रुपयांवर तिसऱ्या लेकराचे २५ रुपये वेगळे पडतील. रक्कम फार नाही. पण कुटुंब म्हणजे चौघे, हे त्या खिडकीवर कोणी ठरवले? आजी आणि तिसरे मूल तिथे कुटुंबाबाहेर पडतात. सवलतीच्या नियमांत सरकारी मनातले कुटुंब दिसते, आणि ते बहुधा शहरातल्या दोन खोल्यांतले असते.

१३/
स्वातंत्र्यानंतर नगरपालिकांनी ही परंपरा पुढे नेली. पुण्यात १९५३ मध्ये पेशवे उद्यान झाले आणि १९५६ मध्ये तिथे फुलराणी धावू लागली. त्या छोट्या आगगाडीत बसलेली तीन पिढ्यांची मुले आजही तिच्याविषयी हळवेपणाने बोलतात. राष्ट्रउभारणीच्या काळात धरण हेही सहलीचे ठिकाण झाले. म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागर धरणाखालचे वृंदावन उद्यान हा आदर्श होता. जायकवाडीच्या धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली, १९७६ मध्ये ते राष्ट्राला अर्पण झाले, आणि पैठणला त्याच धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान फुलले. मराठवाड्यातल्या एका पिढीच्या शालेय सहलीच्या छायाचित्रांत ते कारंजे हमखास असते. पुढे त्या उद्यानाची दुरवस्था झाली. बाग लावायला एकदा पैसे लागतात, राखायला रोज लागतात. पहिल्या खर्चाचे उद्घाटन होते, दुसऱ्याचे होत नाही.

१४/
साखऱ्याच्या वाट्याला आलेली धरणे म्हणजे पूर्णा नदीवरची येलदरी आणि तिच्या खालची सिद्धेश्वर. दोन्ही १९६० च्या दशकातली. येलदरीला वीजनिर्मितीही होते. पावसाळ्यात दरवाजे उघडल्याची बातमी आली की दुचाकीवर तिघे-तिघे बसून माणसे पाणी पाहायला निघतात. दुष्काळाची सवय झालेल्या मुलखात भरलेले धरण हीच मोठी करमणूक आहे, आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. ज्या शेतकऱ्याचे वर्ष त्या पाण्यावर ठरते, तो ते पाहायला जाणारच. एवढी माणसे आपण होऊन येतात तिथे निवांत बसण्याची जागा, भक्कम कठडा, पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी शौचालय असावे, ही अपेक्षा उद्यानाच्या मानाने फारच लहान आहे.

१५/
पुढचा टप्पा खाजगी उद्यानांचा. गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये आणि खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. अशा उद्यानांत एका माणसाचे तिकीट शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतके असते. त्यावर नाक मुरडणे सोपे आहे. पण लोक तिथे पैसे का देतात, हे पाहिले तर उत्तर पाळण्यांपाशी थांबत नाही. स्वच्छ शौचालय, सावली, पिण्याचे पाणी, मुली-बायकांना निर्धास्त वावरता येईल असे आवार, या सगळ्यांचे ते तिकीट असते. पूर्वी बारव, धर्मशाळा आणि नगरपालिकेचा बाग ज्या गोष्टी सर्वांना मिळून देत होते, त्या आता एकेकट्याने विकत घ्यायच्या आहेत. ज्याला परवडतात तो घेतो. बाकीचे घरी राहतात, किंवा त्यांच्यावाचून दिवस काढतात.

१६/
आता रस्ता. १८४१ मध्ये टॉमस कुक याने लेस्टरहून लफबरोपर्यंत एक शिलिंगात सुमारे पाचशे माणसांना आगगाडीने नेऊन आणले, आणि पर्यटनाचा इतिहास सहसा तिथून सांगितला जातो. सेनगाव तालुक्यातून आगगाडी जात नाही. इथला इतिहास बसचा आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १५ जून १९३२ रोजी रेल्वे खात्याच्याच आधिपत्याखाली २७ बसगाड्यांनिशी सरकारी प्रवासी वाहतूक सुरू झाली. मराठवाडा त्या संस्थानात होता. पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एसटी धावली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे सोळा वर्षांनंतर. निजामी राजवटीच्या जुलमाविषयी बोलताना ही नोंदही ठेवायला हवी. इतिहास एकाच रंगाने रंगवता येत नाही. पुढे १९६१ मध्ये मराठवाड्याची राज्य वाहतूक आजच्या महामंडळात आली.

१७/
साखऱ्याच्या सहा जणांचा एसटीतला हिशेब मोठा बोलका आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्या प्रवाशांना एसटी मोफत आहे, म्हणजे आजीचे तिकीट नाही. मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे आहे, म्हणजे आईचे अर्धे. वडिलांचे पूर्ण. पाच ते बारा वर्षांच्या दोन मुलांचे अर्धे-अर्धे. चार वर्षांच्या लेकराचे काहीच नाही. एकूण अडीच तिकिटांत सहा माणसे. या दोन सवलतींपूर्वी आजीचे अर्धे आणि आईचे पूर्ण धरून हाच आकडा साडेतीन होता. एका कुटुंबाच्या सहलीचा प्रवासखर्च पाऊण वर्षाच्या आत दोन सप्तमांशाने उतरला. सेनगावच्या कुटुंबाला सहल परवडावी यासाठी अलीकडच्या काळात झालेले सर्वांत मोठे काम हे आहे, आणि ते करताना सहल हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता.

१८/
तरीही अंतर हा खर्च राहतोच. वेरूळ आणि अजिंठा येथे २०१८ नंतरच्या दराने भारतीयांना रोखीचे तिकीट ४० रुपये आहे, पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य. म्हणजे या सहा जणांना कैलास लेणे पाहायला १२० रुपये लागतात. जगातल्या एवढ्या मोठ्या वारशाचे याहून स्वस्त दार क्वचित असेल. पण छत्रपती संभाजीनगरला जायलाच जवळपास दोनशे किलोमीटर, तितकेच परत, आणि तिथून वेरूळ पुढे वेगळे. अडीच तिकिटे धरली तरी भाडे प्रवेशशुल्काच्या कितीतरी पट होते, आणि एका दिवसात परत येणे जवळजवळ अशक्य. त्यात वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. ज्याला हे ठाऊक नाही त्याचा सगळा दिवस आणि सगळे भाडे बंद दारासमोर जाते. माहिती हाही सहलीचा एक खर्च आहे, आणि तो अजाण माणसाला जास्त पडतो.

१९/
याउलट लोणार जवळ आहे. सेनगावपलीकडे रिसोड आणि त्यापलीकडे लोणार. उल्केच्या आघाताने बसाल्ट खडकात झालेले सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर, त्यातले खारे पाणी, काठावरची जुनी देवळे, गावातले दैत्यसूदन मंदिर. २०२० मध्ये या सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोगे हे अंतर. पण वाटेत हिंगोली, वाशीम आणि बुलढाणा असे तीन जिल्हे लागतात, आणि सरकारी पर्यटनाच्या पुस्तिका जिल्ह्याच्या हद्दीवर संपतात. हिंगोली जिल्हा परभणीपासून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. लोणारचे विवर त्याआधी हजारो वर्षांचे आहे. सहलीचा नकाशा हद्दीवरून काढायचा की गावकऱ्याच्या एका दिवसावरून, हे ठरवायला हवे.

२०/
बिनपैशाची सहल शेतातही होती. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवण, थंडीत हुरडा. ज्वारीचे कोवळे दाणे, गोवऱ्यांचा विस्तव, सोबत चटणी आणि गूळ. आता या मुलखात ज्वारीची जागा बऱ्याच अंशी सोयाबीन आणि हळदीने घेतली आहे, आणि शहराजवळच्या कृषी पर्यटन केंद्रांत हुरडा माणशी दराने मिळतो. शेतकऱ्याला त्यातून उत्पन्न मिळत असेल तर ते चांगलेच आहे. फक्त बदल काय झाला, याची नोंद व्हावी. पूर्वी हुरड्याला पाहुणा बोलावला जात होता. आता गिऱ्हाईक बोलावले जाते.

२१/
आणि शिदोरी. स्वस्त सहलीच्या प्रत्येक सल्ल्यात एक ओळ हमखास असते : जेवण घरूनच न्यावे. ते जेवण पहाटे चारला उठून कोण करते? सहा जणांच्या पोळ्या, पिठले, ठेचा आणि लेकराचा दूधभात बांधून आई निघते, तिथे वाढते, परत आल्यावर डबे घासते. तिच्या हिशेबात हा सुट्टीचा दिवस नाही. अन्नछत्र, प्रसादाची पंगत किंवा वाजवी दरातली खानावळ ही गोष्ट म्हणूनच चैनीची नाही. घरातल्या एका माणसाला त्यामुळे सहल मिळते. जुन्या दात्यांनी अन्नछत्राला पुण्य म्हटले, त्यामागे ही जाणीव असो वा नसो, परिणाम तोच होता.

२२/
यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ज्या जिल्ह्यात पाणी, दवाखाना आणि शाळा यांचेच प्रश्न सुटलेले नाहीत, तिथे सरकारने सहलीवर का खर्च करावा? उत्तर असे, की नवे काही उभारण्याची ही मागणीच नाही. जिल्ह्याजिल्ह्याला एखादे थीम पार्क बांधून त्याचे उद्घाटन करणे म्हणजे पैठणचा धडा न शिकणे. औंढा आहे, नर्सी आहे, येलदरी-सिद्धेश्वर आहे, लोणार आहे. पूर्वजांनी त्यांचा मोठा खर्च करून ठेवला आहे. उरला आहे तो लहान आणि रोजचा खर्च : पाण्याची टाकी, झाडांची सावली, झाडलोट झालेले शौचालय, बंद-चालूच्या वेळा मराठीत सांगणारा फलक. आणि पाणी, शौचालय, बस या गोष्टी सहलीच्या दिवशी लागतात तशा इतर दिवशीही लागतातच.

२३/
पाचवी मागणी एका गाडीची. महाशिवरात्रीला आणि परतवारीला एसटी जादा गाड्या सोडते, म्हणजे ते जमते. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, निदान आठवड्यातून एक दिवस, सेनगावहून निघून नर्सी आणि औंढा दाखवून संध्याकाळी परत आणणारी एक गाडी सोडून पाहावी. तशीच एक लोणारची. एकट्या कुटुंबाला आज जाताना गाडी मिळते, येताना शेवटची गाडी गेली तर खाजगी वाहनाला मोजावे लागणारे पैसे सगळ्या सहलीहून अधिक होतात. या धास्तीने घर सोडलेच जात नाही. परतीची हमी असलेली गाडी हीच या सहा जणांची सर्वांत मोठी सवलत ठरेल.

२४/
आठशे वर्षांपूर्वी कोणा अनाम पाथरवटाने औंढ्याच्या भिंतीवर हत्तींची रांग कोरली. साखऱ्याचे चार वर्षांचे लेकरू ते हत्ती मोजू शकेल की नाही, हे आता त्या पाथरवटाच्या हाती नाही. ते गाडीच्या वेळापत्रकावर आणि नळाच्या पाण्यावर ठरणार आहे. हा धागा वाचणाऱ्या इतिहासप्रेमींनी आपल्या गावाजवळच्या अशा एका जागेची नोंद खाली करावी. तिचा काळ, शैली आणि राजवंश अवश्य लिहावा. सोबत आणखी चार गोष्टी लिहाव्यात : पिण्याचे पाणी आहे का, सावली आहे का, स्त्रियांसाठी शौचालय आहे का, आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे.
(समाप्त)